उभ्या गाडीत बिघडतं ते पेट्रोल, इंजिन नव्हे

‘इंजिन जाम झालंय.’ दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की भोवती जमलेल्यांपैकी एक जण तरी हे म्हणतोच. गोव्यात पेडणे-डिचोलीकडे एखाद्या घराच्या मागच्या शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर अजूनही दिसते. मालक नोकरीसाठी मुंबईला नाहीतर आखातात गेलेला असतो. गणेश चवथीला घर उघडलं की गाडीवरची ताडपत्रीही निघते. मग बॅटरी आणून सेल्फ मारून मारून गरम केला जातो, गाडी काही उठत नाही आणि इंजिनावर ठपका येतो. वास्तविक प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, काही वेळ थांबायचं आणि पुली हाताने फिरवून पाहायची. फिरली तर इंजिन जाम नाही. बहुतेक वेळा बिघाड पेट्रोलच्या वाटेवर असतो: टाकी, नळी, पंप, कार्ब्युरेटर. दुरुस्तीही याच क्रमाने हवी. आपल्याकडे मेस्त (मेकॅनिक) आधी कार्ब्युरेटर खोलतो. तो धुऊन बसवला की गाडी दोन-चार किलोमीटर चालते आणि टाकीतला गंज पुन्हा त्याच जेटमध्ये जाऊन बसतो.

‘जुन्यात पाच लिटर नवं घाला, उठेल’ हा सल्ला स्वस्त वाटतो, पण पुढे महागात पडतो. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो, आणि थंड इंजिन उठतं ते त्याच भागावर. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. बंद टाकीत काही महिन्यांतच ही घसरण सुरू होते; जुन्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो तो यामुळेच. वरून ओतलेलं नवं पेट्रोल ही राळ पुरती विरघळवत नाही. जी सुटते ती पुढे पंपात, कार्ब्युरेटरमध्ये आणि इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर जाऊन बसते. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला की पुशरॉड वाकायला वेळ लागत नाही, आणि मग खरोखरच इंजिन खोलावं लागतं. तेव्हा जुनं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढा. त्यातलं थोडं काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन उन्हात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी; तांबूस गाळ दिसला तर टाकी उतरवावीच लागणार.

हे पाणी येतं कुठून? गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते आणि रात्री निवते, त्यासरशी बाहेरची दमट हवा आत घेते. तिच्यातली वाफ पत्र्यावर थेंब धरते. थेंब तळाशी जातात आणि गंज तिथूनच सुरू होतो. मोरजी, मांद्रे, केरीकडे खाऱ्या वाऱ्याने टाकीची बाहेरची बाजू आणि चासीखालची पेट्रोलची नळीही खाल्ली जाते. डिचोलीत वेगळाच घोळ. तिथली खनिजाची धूळही लोहाचीच, त्यामुळे फिल्टरमधल्या तांबड्या गाळाच्या रंगावरून काही कळत नाही. टाकी धुऊन मग फिल्टर बदलून पाहा. नवा फिल्टरही तसाच भरला तर गंज टाकीतलाच आहे.

‘डिझेल कितीही वर्षं टिकतं’ हेही खरं नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्यावर डिचोली तालुक्यात ट्रकांच्या रांगा उभ्या राहिल्या. अशा उभ्या टाकीत डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढतात आणि काळा बुळबुळीत थर फिल्टर बंद करतो. जुन्या डिझेल गाड्यांनाही हेच लागू.

टाकी साफ करायला संडास धुवायचं ॲसिड ओतणारे आहेत. ते गंजाबरोबर पत्राही खातं, आणि टाकी सुकेपर्यंत आत नवा गंज धरतो. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड विरघळवून टाकी एक-दोन दिवस भरून ठेवणं सौम्य आणि पुरेसं. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच गरम हवेने कोरडी करणं. हे शेवटचं टाळलं तर सगळं मुसळ केरात.

या सगळ्यात जीवघेणा गैरसमज एकच: ‘टाकी रिकामी आहे, आता वेल्डिंग करायला हरकत नाही.’ पेट घेतं ते पेट्रोलचं द्रव नव्हे, त्याची वाफ. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत नेमकं तेवढंच मिश्रण असू शकतं. टाकी दिवसभर उन्हावाऱ्यात ठेवली तरी पत्र्याच्या दुमडीतला अंश जात नाही. हे काम अशा टाक्यांचा सराव असलेल्याकडेच द्या, नाहीतर दुसरी टाकी शोधा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरकत दूरवर जाते. चवथीच्या दिवसांत शेजारच्या खोलीत समई तेवत असेल तर टाकी उघड्यावर, घरापासून लांब नेऊनच उघडा.

कार्ब्युरेटरकडे यायचं ते टाकी आणि नळ्या उरकल्यावर. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवर १३० असा आकडा असेल तर भोक १.३० मिलिमीटरचं. पितळ मऊ असतं. तारेने कोरलं की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. हवा मारा. तेवढ्याने सुटलं नाही तर मासे पकडायचं तंगूस घाला. नायलॉन पितळाला ओरखडत नाही. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर दर वेळी नीडल व्हॉल्व्हच दोषी नसतो. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरा. बुडबुडे आले तर त्याला भोक आहे. आत पेट्रोल शिरून तो जड झालाय.

‘जुना पंप काढा, इलेक्ट्रिक बसवा.’ बसवता येतो, पण इंजेक्शनच्या गाडीचा नव्हे. कार्ब्युरेटरला तीन-चार पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनचा पंप त्याच्या दहापट देतो आणि नीडल उचलून धरतो. मूळ पंपाचा डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक ओढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑइल पातळ वाटलं, तर ऑइल बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका.

ई-२० बद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत: एका पक्षाच्या मते जुनी गाडी संपलीच, दुसऱ्याच्या मते काहीच होत नाही. दोघेही चुकतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलच्या या मिश्रणाचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. इथेनॉलचं जुन्या रबराशी आणि कॉर्कशी जमत नाही: नळ्या फुगतात, आतून सुटतात. बाहेरून नळी छान दिसते म्हणून ठेवू नका. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण विरळ होतं. नव्या गाडीचा सेन्सर ते सुधारून घेतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. त्यामुळे कधी एक आकडा मोठं जेट लागतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. इंजिन मात्र त्याने फुटत नाही. उभ्या गाडीला खरा धोका निराळा: इथेनॉल पाणी ओढतं, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. पंप तेच आधी ओढतो. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल यावर उपाय नाही. ऑक्टेनचा संबंध नॉकिंगशी आहे; पद्मिनीसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्याची गरजच नाही.

सगळं केल्यावरही गाडी थोडी चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ होतं? टाकीत हवा जायची वाट तुंबली आहे. कुंभारमाशीने तिथे मातीचं घर केलेलं असू शकतं.

आणि काम झाल्यावर गाडी पुन्हा पावसाळाभर उभी राहणार असेल, तर मे महिन्यातच टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. काढलेलं जुनं पेट्रोल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका.