हुशार मुलाने शाळा सोडावी काय?

दरवर्षी आठवी-नववीत एखादे मूल असे निघते की त्याचे गणिताचे पुस्तक दिवाळीच्या आतच संपलेले असते. वर्गातील बाकीच्या मुलांसाठी गुरुजींना तेच उदाहरण तिसऱ्यांदा फळ्यावर सोडवावे लागते, आणि त्यात गुरुजींची काही चूक नाही. हे मूल मात्र वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढत बसते. मग घरी विषय निघतो : एवढा वेळ वाया घालवण्यापेक्षा शाळा सोडून घरीच अभ्यास केला तर?

अशा वेळी मुंबईच्या मालविका राज जोशीचे उदाहरण हमखास दिले जाते. तिने दादरच्या शाळेतून सातवीनंतर शिक्षण सोडले. आईने स्वतःची नोकरी सोडून घरीच तिचा अभ्यासक्रम आखला. पुढे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने भारतासाठी दोन रौप्य व एक कांस्य अशी तीन पदके मिळवली, आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना अमेरिकेतील एम.आय.टी. या नामांकित संस्थेत तिला प्रवेश मिळाला. गोष्ट खरी आहे; पण आपल्याकडे ती अर्धीच सांगितली जाते.

उरलेली अर्धी अशी. बारावी नसल्याने आय.आय.टी.चे दार तिला बंदच होते. भारतात तिला जवळ केले ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने, कारण तिची तयारी पदवीच्या तोडीची असल्याचे तिथे दिसून आले. म्हणजे शाळा सुटल्यावर तिच्याजवळ तीन गोष्टी होत्या : दिवसभर घरी असणारी शिकलेली आई, पुढचे शिकवणारी माणसे, आणि आपण खरोखर कुठे आहोत हे दाखवणारी एक कठीण परीक्षा. या तिन्हींची सोय झाली नाही, तर शाळेतून सुटलेले सहा तास कशात जातील हे परसवाड्यात कोणाला सांगायला नको. शेत, दुकान, लहान भावंडे आणि मोबाईल यांना वेळ कधीच कमी पडत नाही.

याच मुंबईतले दुसरे उदाहरण सचिन तेंडुलकरचे आहे. प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या सल्ल्याने त्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये नाव घातले, कारण तिथे क्रिकेटचा संघ होता. जवळ पडावे म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी तो भारतीय संघात गेला, ती पुढची गोष्ट. पण पहिले पाऊल शाळा बदलण्याचे होते.

आपल्या जिल्ह्यात असा बदल शक्य आहे. वारासिवनीच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. नववीतही रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते, हे मात्र पुष्कळ पालकांना माहीत नसते. त्यासाठी मूल याच जिल्ह्यात आठवीत शिकत असले पाहिजे, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलाला हा मार्ग राहत नाही. परीक्षा गणित, विज्ञान, इंग्रजी व हिंदी या विषयांची असते.

तरीही घरूनच शिकायचे ठरले, तर निदान प्रमाणपत्राची वाट धरून ठेवावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस., १९८९ पासून हे काम करते. वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला नाव घालता येते, मराठी माध्यमही आहे, आणि पाच विषय पाच वर्षांच्या मुदतीत हळूहळू देता येतात. भोपाळच्या राज्य मुक्त शाळेचीही सोय आहे. आपल्याकडे ती २०१६ पासूनच्या ‘रुक जाना नहीं’ योजनेमुळे ओळखली जाते, म्हणून ‘ओपन’ म्हटले की नापासांची शाळा असा समज पसरला. तो चुकीचा आहे, एन.आय.ओ.एस.ची बारावी झालेला विद्यार्थी जे.ई.ई.ला बसू शकतो. अडचण वेगळीच आहे. विज्ञानाचे प्रात्यक्षिक अभ्यास केंद्रावर जाऊनच करावे लागते, तेव्हा जवळचे केंद्र कुठे आहे ते अगोदर पाहावे.

आता पैशाची बाजू, जी आपल्या पालकांना सर्वांत जास्त लागू आहे. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता परीक्षेत निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत नियमित शिकत असले पाहिजे. नाव काढले की शिष्यवृत्ती गेली. (नवोदयमध्ये गेल्यावरही ती मिळत नाही, पण तिथे राहणे-जेवणे फुकट असते.) तसेच मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत बारावीला भोपाळ मंडळाचे ७० टक्के किंवा सी.बी.एस.ई., आय.सी.एस.ई.चे ८५ टक्के असा नियम आहे. मुक्त शाळेच्या मुलाने आपण यात बसतो की नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावे. पुढच्या कॉलेजची फी त्यावर अवलंबून आहे.

मुलींविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मुलगा अभ्यासासाठी घरी राहिला तर तो ‘तयारी करतो’ असे म्हणतात. मुलगी राहिली तर वर्षभरात ती ‘घरीच आहे’ असे म्हणू लागतात, आणि मग पाहुणे येऊ लागतात. आईवडिलांचा हेतू चांगला असला तरी हे होते. म्हणून हुशार मुलीच्या बाबतीत शाळेचे नाव कायम ठेवावे, या मताला माझी तरी पक्की संमती आहे.

शाळेकडूनही काही मागता येते. गणिताचा तास संपलेल्या मुलाला वरच्या वर्गाचे पुस्तक घेऊन मागे बसू द्यावे, ऑलिम्पियादच्या पहिल्या फेरीचा अर्ज शाळेमार्फत भरावा, परीक्षेच्या आधी काही दिवस सुटी द्यावी. मुंबईच्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान व गणिताच्या ऑलिम्पियाडचे देशपातळीवरचे काम तिथून चालते. त्या फेरीचा एक पेपर वेळ लावून सोडवला, की मुलाची झेप कितपत आहे हे पालकांना आणि मुलालाही कळते.

हे सर्व टी.सी.चा अर्ज देण्यापूर्वी करायचे आहे. नववीत मंडळाकडे नामांकन होते. मध्येच नाव काढून वर्षभराने परत यायचे म्हटले, तर नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसणे अवघड होते आणि स्वाध्यायी म्हणून फॉर्म भरावा लागतो. तेव्हा पालकांनी मुलाला बरोबर घेऊन आधी वर्गशिक्षकांशी बोलावे. आठवीतील मुलांचा नवोदयचा अर्ज साधारण पावसाळा संपता संपता निघतो.