मुदतीपूर्वी कुंडीत आलेले खत

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट मोठ्या हौसेने दिवाणखान्यातील मनी प्लांटच्या कुंडीत घालावे आणि आठवडा उलटण्यापूर्वीच मातीवर कापसासारखी पांढरी बुरशी पसरावी, हा प्रकार पावसाळ्यात इतका सार्वत्रिक आहे, की पुष्कळ गृहस्थ धास्तावून झाडासकट कुंडीच रिकामी करतात. गुन्ह्याच्या मानाने ही शिक्षा फारच जबर होय. ही बुरशी बहुधा मृतोपजीवी असते, म्हणजे तिचा उदरनिर्वाह जिवंत मुळांवर नव्हे, तर चहाचा चोथा, केळीची साल, पालापाचोळा यांच्या अर्धवट कुजलेल्या अवशेषांवर चालतो. तिचे प्रकटीकरण एवढेच सुचवते, की खताची मुदत भरण्याआधीच ते कामावर रुजू केले गेले. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात जी खतपद्धती बसवली, तीत ढीग अधूनमधून वरखाली करीत सुमारे तीन महिने कुजवावा लागे. ढिगात व्हायचे ते काम आता बिचाऱ्या कुंडीत चालले आहे.

खरे नुकसान होते ते निराळ्याच मार्गाने. वाळल्या पानांतील कर्ब पचवताना सूक्ष्मजीव मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात, आणि झाडाची पाने पिवळी पडू लागतात. ओलाव्यावर जमणाऱ्या चिलटांच्या अळ्या बुरशीबरोबर कोवळी मुळेही कुरतडतात. मात्र पांढरे दिसणारे सर्वच बुरशी नसते: बोअरच्या पाण्याने साचलेल्या क्षारांचा थर नखाने खरवडला असता कडक पापुद्र्यासारखा सुटतो, बुरशीचे तंतू काडीला लोंबत येतात.

उपायाची तजवीज साधी आहे. बीजाणू उडू नयेत म्हणून किंचित पाणी शिंपडून वरचा पेरभर थर खुरप्याने काढावा व तो खताच्या डब्यात परत टाकावा. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे, कारण तापलेल्या खतात ॲस्परजिलससारख्या श्वसनास अपायकारक बुरशीही वाढतात. बशीतले पाणी ओतून द्यावे, वरची माती सुकेपर्यंत नवे घालू नये, आणि कुंडी उजेडात, वाहत्या हवेत ठेवावी. दालचिनीची पूड भुरभुरण्याचा तोडगा लोकप्रिय आहे खरा, परंतु बुरशीचे अन्न खाली शाबूत असताना वरच्या सुगंधाने काय साधणार? पुढील खेपेस मूठभर ओलसर खत हवाबंद पिशवीत आठवडाभर कोंडून पाहावे: आंबूस वास आला तर ते अपक्व समजून आणखी महिनाभर मुरू द्यावे, मृद्गंध आला तर खुशाल वापरावे, परंतु कुंडीतल्या मातीच्या चौथाई हिश्श्याहून अधिक नको.