जुन्या पद्मिनीला टर्बो?

शहादा सोडून तोरणमाळचा घाट लागला, की जुनी प्रीमियर पद्मिनी धापा टाकू लागते. इंजिन अवघे १०८९ सीसीचे. त्यात हजार मीटर उंचीवर हवा सुमारे एक दशांशाने विरळ. ‘टर्बो बसवला तर?’ असे मला अनेकजण विचारतात.

कल्पना जुनीच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि जोडचक्र इंजिनात जादा हवा कोंबते.

अडचण जागेची आहे. बॉनेटखाली हा तापलेला टर्बो पेट्रोलच्या नळीला आणि वायरींना खेटून बसतो. मध्ये पत्र्याचा आडोसा हवा, बेअरिंगला सतत तेल हवे. दाबलेली हवा तापते, पेट्रोल अवेळी पेटते आणि पिस्टन वितळू शकतो. ताकद वाढली, तरी ब्रेक जुनेच. घाट उतरायचाही असतो! शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत असा बदल करू देत नाही.

माझा सल्ला साधा आहे. कार्बोरेटर, व्हॉल्व्ह, रेडिएटर नीट करून घ्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढा.