घरातला ढेकूण आणि कपाशीवरचा ढेकूण

चाकूरजवळच्या खेड्यातील एक आजी परवा नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराच्या हातापायांवर खाजऱ्या गांधी उठल्या होत्या. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कापूस घरात आणला अन् त्यातले ढेकूण अंथरुणात शिरले. ह्याच्या बापानं सकाळी कपाशीचं औषध गादीवर मारलंय." गांधींपेक्षा मला त्या औषधाचीच धास्ती वाटली. सुदैवाने पोर अजून त्या गादीवर झोपले नव्हते.

हे दोन्ही ढेकूण एकाच वर्गातले कीटक. दोघांच्या तोंडाला सुईसारखी सोंड असते. टोचून रस ओढायचा, एवढेच दोघांना जमते. पण रस वेगळा. कपाशीवरचा लाल ढेकूण बोंडातल्या सरकीचा आणि भेंडीच्या बियांचा रस पितो. तो लांबट, तांबडा आणि पंखवाला असतो. माणसाच्या रक्तावर तो जगत नाही. घरातला ढेकूण चपटा, तपकिरी, बिनपंखी. रक्ताशिवाय त्याला दुसरे अन्न नाही. दिवसा तो बाजेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत दडतो. रात्री पाच-दहा मिनिटांत पोट भरतो. उपाशी राहूनही तो महिनोन्‌महिने जगतो. तो कापसातून येत नाही. जुन्या गाद्या, बाजा, प्रवासाचे सामान यांतून येतो.

ढेकणामुळे माणसात रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. त्रास खाजेचा आणि झोपमोडीचा. खाजवून जखम पिकली तर मात्र दाखवावे.

शेतातले औषध घरात मारणे जिवावर बेतते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर उघड्या रानात होते. बंद खोलीत लेकराचे काय होईल? धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्याही खोलीत ठेवू नका. त्यांच्या वायूवर उतारा नाही.

मग करावे काय? चादरी-गोधड्या उकळत्या पाण्यात भिजवून धुवा. बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओता. भिंतीच्या भेगा बुजवा. अंड्यांतून पुन्हा पिल्ले निघतात, म्हणून दर आठवड्याला असे चार-पाच वेळा करा. औषध मारलेली गादी पुन्हा वापरू नका.

औषधाचा संबंध आल्यावर लाळ गळणे, दरदरून घाम, उलट्या, बाहुल्या बारीक होणे, दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा. औषधाचा डबा बरोबर न्या. डॉक्टरला त्यावरूनच विष कळते.