‘शॉक ॲब्सॉर्बर’: नाव, कार्य आणि निवड

अमेरिकेत ‘पिकअप’ जातीच्या मोटारी मूळच्यापेक्षा काही इंच उंच करून घेण्याची प्रथा चांगलीच रूढ आहे. मोठे टायर बसावेत आणि खडकाळ वाटेवर गाडीचे पोट घासू नये, हे तिचे प्रमुख हेतू होत. अशा मोटारीसाठी शॉक ॲब्सॉर्बर निवडताना ग्राहकाची जी फसगत होते, तिचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून शब्दात असते.

शब्दाचा अर्थ ‘धक्का शोषून घेणारा’ असा आहे. वस्तुतः धक्का झेलते ती स्प्रिंग. मग ती वेटोळ्याची असो, की मराठी गॅरेजांत जिला ‘पाटे’ म्हणतात ती पोलादी पट्ट्यांची चळत असो. दबलेली स्प्रिंग उसळते आणि तिला आवर नसेल तर गाडी बराच वेळ खालीवर डोलत राहते. हे डोलणे शमविणे हे शॉकचे कार्य होय. नळकांड्यातील दट्ट्या सरकला की तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून रेटले जाते आणि गतीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते.

ब्रिटिश अभियंते या वस्तूस ‘डँपर’ म्हणतात. फ्रेंच ‘आमोर्तिसर’ या शब्दाच्या मुळाशी ‘निष्प्राण करणे’ हा अर्थ आहे. जर्मनांच्या रोजच्या बोलण्यात ‘श्टोसडेम्प्फर’, म्हणजे धक्का शमविणारा, हा शब्द असला, तरी तांत्रिक लेखनात ‘श्विंगुंग्सडेम्प्फर’, म्हणजे कंपने शमविणारा, हा अधिक नेमका शब्द आढळतो. अमेरिकन नाव मात्र स्प्रिंगचे श्रेय शॉकला देते. मराठी गॅरेजांतील ‘शॉकअप’मध्ये तर शोषण लोपून केवळ धक्काच उरला आहे. ‘धक्काशोषक’ हा प्रतिशब्द मूळचा दोष जसाच्या तसा उचलतो. ‘दोलनशामक’ म्हटल्यास कार्य स्पष्ट होते.

कार्य कळले की निवडीचा पहिला निकष आपोआप ठरतो, तो लांबीचा. उदाहरणार्थ, मागील शॉक पूर्ण ताणला असता 26 इंच व पूर्ण दबला असता 16 इंच भरतो आणि गाडी उभी असताना तो 21 इंचांवर असतो, असे समजू. पाटे बदलून गाडी 4 इंच उंच केली आणि शॉक जवळजवळ उभा बसविलेला असला, तर तोच शॉक 25 इंचांवर येईल व खाली जाण्यास जेमतेम 1 इंच उरेल. चाक खड्ड्यात उतरताच शॉक ताणाच्या टोकाला जाऊन त्याचे सांधे तुटू शकतात. याउलट 30 व 18 इंचांचा शॉक घेतल्यास खाली 5 व वर 7 इंच चाल मिळते. परंतु धुरा अडविणारा रबरी थांबा मूळच्या जागी, म्हणजे समजा 17 इंचांवर, राहिला तर त्याआधीच शॉक तळाला आदळेल. म्हणून थांबाही खाली आणावा लागतो.

दुसरा निकष रोधाचा. स्प्रिंग जितकी ताठ आणि चाक जितके जड, तितका उसळीला अधिक रोध हवा. तथापि तो अवाजवी असेल तर चाक रस्त्याला धरून राहत नाही. तिसरा निकष उष्णतेचा. सतत खडबडीत वाटेवर दुहेरी नळीच्या साध्या शॉकमध्ये तेल व हवा मिसळून फेस होतो आणि रोध घटतो. एकनळी शॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजन तरत्या दट्ट्याने तेलापासून वेगळा ठेवलेला असल्याने हा दोष टळतो. मात्र नळीला पोचा पडला तर तो निकामी होण्याचा संभव असतो.

एक अपवाद ध्यानी घ्यावयास हवा. अनेक पिकअप गाड्यांत पुढची स्प्रिंग शॉकवरच चढविलेली असते. तेथे स्प्रिंगची बैठक वर सरकवून गाडी उचलता येते, आणि त्यामुळेच ‘उचलणारा शॉक’ हा शब्दप्रयोग रुळला असावा. मागील पाट्यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. तेथे गाडी उचलतात ते पाटे. शॉकने फक्त त्या उंचीस अनुरूप असावयाचे असते.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट तपासावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हेच अधोरेखित केले आहे. शॉक निवडण्यापूर्वी गाडी उंच करणेच ग्राह्य आहे काय, हा प्रश्न येथे आधी येतो.