पाऊल आणि पादत्राण

जून महिना उजाडला की शाळेच्या तयारीस प्रारंभ होतो. वह्या, दप्तर व गणवेश यांबरोबर पुष्कळ घरांत नवे जोडेही येतात. गणवेश शिवताना शिंपी छाती, बाही व उंची काळजीपूर्वक मोजतो. जोडा मात्र दुकानात बसल्या बसल्या, त्याची चकाकी पाहून पसंत केला जातो. किंवा तो पुढील वर्षीही पुरावा म्हणून दोन मापे मोठा घेतला जातो. चार दिवसांत टाचेला फोड येतो आणि ‘नवा जोडा चावायचाच!’ असे म्हणून मुलाची समजूत घातली जाते. वास्तविक पायाच्या मापाचा जोडा पहिल्या दिवसापासूनच सुखकर वाटला पाहिजे.

पाऊल ही निसर्गाची एक विलक्षण रचना आहे. एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे प्रौढ माणसाच्या शरीरातील २०६ हाडांपैकी सुमारे चौथा हिस्सा! ही हाडे चिवट बंधांनी एकमेकांशी जोडलेली असून तळव्याच्या मध्यभागी त्यांची कमान बनलेली असते. दगडी पुलाची कमान भार तोलून धरते. पावलाची कमान तर भार पडताच किंचित दबते आणि पुन्हा पूर्ववत होते. चालताना बसणारे धक्के त्यामुळे सौम्य होतात.

मुलांच्या पावलांतील हाडे अद्याप वाढीला लागलेली असतात. त्यांचा काही भाग मऊ कूर्चेचा असतो. म्हणून आखूड जोड्यात बोटे दुमडली गेली, तरी लहान मुलास फारशी वेदना जाणवतेच असे नाही. परंतु त्या दडपणाखाली बोटे हळूहळू वाकडी होऊ शकतात. बालपणीच्या निष्काळजीपणाचे फळ मग मोठेपणी भोगावे लागते.

सर्वांची पावले सारखी नसतात. आपले पाऊल कोणत्या प्रकारचे आहे, हे जाणण्यास एक सोपी युक्ती आहे. तळवा पाण्याने ओला करावा आणि कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर उभे राहून ठसा उमटवावा. ठशाची आतली बाजू मध्यभागी अर्धचंद्राप्रमाणे कोरलेली दिसली, तर कमान साधारण उंचीची आहे. जवळजवळ संपूर्ण तळवा उमटला, तर पाऊल सपाट आहे. चवडा आणि टाच यांना जोडणारी केवळ एक अरुंद पट्टी उमटली किंवा तीही उमटली नाही, तर कमान उंच आहे. अगदी लहान मुलांचे पाऊल सपाटच दिसते. कमान पुढे वयाबरोबर घडत जाते. सपाट पाऊल हा काही रोग नव्हे. मात्र चालताना दुखत असेल, तर वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

साधारण कमानीच्या पावलास नेमक्या मापाचा कोणताही चांगला जोडा मानवतो. सपाट पावलास टाच घट्ट धरून ठेवणारा आणि मध्ये सहज न पिळवटणारा जोडा बरा. उंच कमानीच्या पावलास मऊ तळाचा आणि वरून पुरेशी जागा असलेला जोडा सुखाचा होतो. चवडा रुंद असेल, तर निमुळत्या टोकाचा जोडा कितीही सुंदर असला तरी तो टाळावा.

माप घेण्याचेही काही नियम आहेत. दिवसभराच्या हालचालीने पावले किंचित फुगतात. म्हणून जोडा सायंकाळी घ्यावा. माप उभे राहून घ्यावे, कारण शरीराचा भार पडल्यावर पाऊल पसरते. दोन्ही पावले बहुधा तंतोतंत सारखी नसतात. मोठ्या पावलाचे माप प्रमाण मानावे. सर्वांत लांब बोटापुढे, मग तो अंगठा असो वा त्याच्या शेजारचे बोट, सुमारे एक सेंटिमीटर जागा मोकळी राहावी. नंतर थोडे चालून पाहावे. टाच वर सरकत असेल, तर जोडा मोठा आहे. बोटे आखडत असतील, तर तो लहान आहे. दोन मापे मोठ्या जोड्यात पाऊल पुढेमागे घसरते व कातडी सोलवटते. थोरल्या भावंडाचा जोडा धाकट्याला देतानाही तळ एका बाजूस झिजलेला नाही ना, हे पाहावे.

महाग जोडा तेवढा चांगला, असे मात्र नाही. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी चप्पल बोटांना मोकळीक देते आणि वापराने पायाच्या आकारास जुळत जाते. धावण्याच्या शर्यतीत मात्र तिचा उपयोग नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २,३०० भारतीय मुलांचे पाऊलठसे तपासण्यात आले. त्यांत जोडे घालणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांपैकी २.८ टक्के मुलांची पावले सपाट आढळली. तेव्हा घरात किंवा स्वच्छ मैदानावर अनवाणी खेळण्यात काही उणेपणा नाही. घाणीच्या जागी मात्र काचा, खिळे आणि त्वचेतून शरीरात शिरणारे अंकुशकृमी यांपासून पायांचे रक्षण केलेच पाहिजे.

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर अनेक वर्षे कुष्ठरुग्णांची सेवा केली. त्या रुग्णांच्या पावलांतील संवेदना नष्ट झालेली असे. जोड्यातला खिळा टोचला तरी त्यांना कळत नसे; ते तसेच चालत राहत आणि जखमा चिघळत. त्यांच्यासाठी मऊ रबराच्या तळाची खास पादत्राणे करण्यात आली. या अनुभवातून वेदनेचे मोल कळून येते. वेदना हा शरीराने वेळीच दिलेला इशारा होय.

म्हणून ‘जोडा चावतो’ असे एखादे मूल म्हणाले, तर त्यास हट्टी ठरवू नये. जोडा काढून पाऊल पाहावे. जोडा फाटला तर दुसरा मिळतो. पावले मात्र जन्मभर तीच वापरावयाची असतात.