वीरगळ ते सूर्यघड्याळ



युद्धात पडलेल्या तरुणाचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न आपल्या भूभागाला नवा नाही. देवळाच्या आवारात किंवा गावाच्या वेशीवर उभे असलेले वीरगळ आपण पाहिलेले असतात. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधील ‘वीर’ आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड, या दोन पदांतून मराठीत आला. मराठी, कोकणी आणि कन्नड एकाच अंगणात नांदणाऱ्या जोयडा तालुक्यात ही व्युत्पत्ती कोणास परकी वाटू नये. सामान्यतः वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत असतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर ही स्मृती राहो, असा त्यांचा आशय. मात्र पुष्कळ वीरगळांवर वीराचे नाव आढळत नाही.

आता एका नावाकडे वळू. यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावचा. ज्या मराठा पलटणीचे केंद्र आपल्या शेजारच्या बेळगावात आहे, त्या पलटणीत ते नाईक होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी केले. मागे कोणीही उरले नाही हे ठाऊक असताना घाडगे एकटे पुढे धावले. हातबॉम्बने त्यांनी ती तोफ निकामी केली, एकास गोळी घातली आणि काडतुसे पुन्हा भरण्यास अवधी नसल्याने बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांशी झुंज दिली. ठाणे हाती आले. परंतु आडून झाडलेल्या गोळ्यांनी ते तेथेच कोसळले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. 1942 च्या आंदोलनाची धग विझली नव्हती, तेव्हा हा तरुण परक्या साम्राज्याच्या सैन्यात लढत होता. मग तो आपला कसा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे घाडग्यांहून तीन वर्षांनी मोठे. तेही त्याच ब्रिटिश हिंदी सैन्यातून ब्रह्मदेशात लढले. पुढे एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली व हयातीत परमवीर चक्राचा मान मिळविला. राणे 1994 पर्यंत जगले. घाडगे जगते, तर 1948 साली सव्वीस वर्षांचे असते. दोघांच्या निष्ठेत भेद नव्हता. एकाला स्वतंत्र देश लाभला, दुसऱ्याला लाभला नाही, एवढेच. त्या उणिवेचा दोष मृताच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते. त्यांपैकी 5,782 परतले नाहीत. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. कासिनो येथील स्मारकावर घाडग्यांचे नाव कोरलेले आहे. वीरगळावर चित्र असते, नाव बहुधा नसते. कासिनोत नाव आहे, चित्र नाही. दोन्हींना एकमेकांची उणीव भासते.

2023 च्या जुलैमध्ये इटलीतील मोन्तोने या गावाने घाडग्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, हा त्यावरील लॅटिन वचनाचा भाव. आपल्या वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य तो हाच, असे मला वाटते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, हुतात्म्याला विशेषणांची रास घालू नका. त्याचे नाव, गाव, दिनांक आणि कृती अचूक सांगा. ज्या शाळेत दरवर्षी एवढे अचूक सांगितले जाते, तेथे दगड नसला तरी वीरगळ उभाच आहे.